परिचारिकेचा गणवेश आणि रेकीचे हात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातील एका डायलिसिस विभागात, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झालेल्यांचे रक्त यंत्राने शुद्ध करून अंगातले जास्तीचे पाणी काढतात तिथे, मी बारा वर्षांपासून परिचारिका म्हणून काम करते. त्यांतील शेवटची नऊ वर्षे मी रेकीचीही साधना करते; रेकी म्हणजे अंगावर हात ठेवून ऊर्जा देण्याची पद्धत, असे ती करणारे मानतात. नर्सिंगच्या विद्यार्थिनी, फिजिओथेरपी करणारे सहकारी, क्वचित एखादे तरुण डॉक्टर आणि पुष्कळदा रुग्णांचे नातेवाईक या दोन्हींच्या मेळाविषयी जे प्रश्न विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत.

आरोग्यसेवेतील नोकरी सांभाळून रेकी, प्राणिक हीलिंग किंवा तत्सम साधना करता येते का?

करता येते. दोन्ही करण्यात अडचण नाही. दोन्ही एकाच वेळी, एकाच गणवेशात करण्यात आहे. रुग्ण निमूटपणे हात पुढे करतो तो आपल्याला माणूस म्हणून ओळखतो म्हणून नव्हे, तर अंगावरचा गणवेश, गळ्यातले ओळखपत्र आणि त्यामागची नर्सिंग परिषदेची नोंदणी यांच्यावर त्याचा भरवसा असतो म्हणून. तो भरवसा ज्या ज्ञानाची परीक्षा झालेली आहे त्या ज्ञानासाठी दिलेला असतो, आणि ज्याची परीक्षा झालेली नाही अशा गोष्टीसाठी तो परस्पर वापरणे म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेल्या ठेवीवर आपला धंदा करणे होय. पुढील बहुतेक उत्तरे याच एका गोष्टीतून निघालेली आहेत.

या पद्धती प्राचीन भारतीय आहेत ना?

नाहीत. रेकीची सुरुवात जपानमध्ये मिकाओ उसुई यांनी १९२२ साली केली. क्योतोजवळच्या कुरामा पर्वतावर उपवास आणि ध्यान करताना त्यांना ही विद्या गवसली, असे परंपरा सांगते. त्यांचे शिष्य चुजिरो हायाशी आणि हायाशींच्या शिष्या, हवाई बेटांवरच्या हावायो ताकाता, यांच्यामार्फत ती पश्चिमेत गेली आणि तिथून आपल्याकडे आली. प्राणिक हीलिंगची मांडणी फिलिपिन्समधील चोआ कोक सुई यांची असून त्यांचे पहिले पुस्तक १९८७ सालचे आहे. ‘प्राण’, ‘चक्र’ हे शब्द आपले असल्यामुळे सगळेच वेदकालीन वाटू लागते. वास्तविक आपल्या आज्या मीठ-मोहरीने जी दृष्ट काढत आल्या, ती या दोन्हींपेक्षा कितीतरी जुनी आहे.

परिचारिकांनी मात्र एक नाव आवर्जून लक्षात ठेवावे. न्यूयॉर्क विद्यापीठातील नर्सिंगच्या प्राध्यापिका डोलोरेस क्रीगर यांनी डोरा कुंझ यांच्यासह १९७०च्या दशकात ‘थेराप्युटिक टच’ ही पद्धत रूढ केली. हिच्यात रुग्णाला स्पर्श न करता काही इंच अंतरावरून हात फिरवले जातात. आरोग्यसेवा आणि ऊर्जा-उपचार यांची सांगड घालण्याचा हा प्रयत्न आपल्याच व्यवसायातून निघाला होता, आणि त्याची कठोर परीक्षाही झाली.

ऊर्जा खरोखर जाणवते का? तुम्हाला जाणवते का?

हा प्रश्न टाळण्याची मला मुभा नाही, कारण माझे दिवसभराचे काम बोटांनी जाणण्याचेच आहे.

डायलिसिसच्या रुग्णाच्या हातात शीर आणि धमनी जोडून फिस्टुला तयार केलेला असतो. सुया टोचण्यापूर्वी आम्ही त्यावर बोटे ठेवतो, तेव्हा कातडीखाली एक सलग थरथर लागते. जणू मुठीत भुंगा धरला आहे. तिला आम्ही ‘थ्रिल’ म्हणतो. ती मला लागते, रात्रपाळीच्या सिस्टरला लागते, नव्याने आलेल्या विद्यार्थिनीलाही पहिल्याच दिवशी लागते, आणि स्टेथोस्कोप ठेवला तर तिचा आवाजही ऐकू येतो. ज्या दिवशी ती लागत नाही, त्या दिवशी फिस्टुला बंद पडला असण्याची शक्यता असते आणि त्याच वेळी डॉक्टरांना फोन करावा लागतो.

रेकी देताना माझ्या तळहाताला ऊब आणि मुंग्या जाणवतात, हेही तितकेच खरे आहे. फरक एवढाच की ती जाणीव फक्त माझी असते. शेजारी उभी असलेली सहकारी तिथे हात ठेवते तेव्हा तिला काहीही लागत नाही. अमेरिकेतील एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी हाच फरक तपासला होता. थेराप्युटिक टच करणाऱ्या २१ जणांना तिने पडद्यातून दोन्ही हात पुढे करायला लावले, नाणेफेक करून त्यांपैकी एका हाताजवळ स्वतःचा हात धरला आणि तो कोणत्या हाताजवळ आहे ते ओळखायला सांगितले. एकूण २८० वेळा ही चाचणी झाली आणि अचूक उत्तरे आली ४४ टक्के, म्हणजे डोळे झाकून अंदाज केला असता तर लागली असती त्याहूनही कमी. हा अभ्यास १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

तो वाचल्यावर मी साधना सोडली नाही, परंतु ‘तुमच्या यकृतापाशी ऊर्जा अडकली आहे’ अशा प्रकारचे वाक्य उच्चारण्याचे कायमचे सोडले. निदान करणे हे माझ्या तळहाताचे काम नाही.

मग रेकी घेतल्यावर लोकांना बरे का वाटते?

बरे वाटते, यात शंका नाही. केमोथेरपी घेणाऱ्या १८९ रुग्णांवरील एक अमेरिकी अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला खरी रेकी दिली, दुसऱ्या गटाला रेकीचे शिक्षण नसलेल्या व्यक्तीने तशाच रीतीने नुसते हात ठेवले आणि तिसऱ्या गटाची नेहमीची शुश्रूषा केली. पहिल्या दोन्ही गटांना तिसऱ्यापेक्षा अधिक आराम वाटला. यावरून मी जे समजले ते असे : कोणीतरी घाई न करता जवळ बसणे, परवानगी घेऊन हात ठेवणे आणि वीस मिनिटे फोनकडे न पाहणे, हेच दुखणाऱ्या माणसाला हलके करते. आमच्या विभागात एका पाळीत जितके रुग्ण असतात, त्यांतील एकालाही अशी वीस मिनिटे मिळत नाहीत. तेव्हा रेकीवर विश्वास नसलेल्या परिचारिकेलाही यातून घेण्यासारखे आहे. मात्र त्यासाठी तिला दीक्षेची आवश्यकता नाही.

प्रार्थनेचे काय? रुग्णासाठी प्रार्थना करीत आहोत, असे त्याला सांगावे का?

प्रार्थना जरूर करावी, परंतु जाहीर करताना विचार करावा. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांवरील २००६ सालच्या अमेरिकी अभ्यासात, आपल्यासाठी प्रार्थना होत आहे की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हते अशा दोन्ही गटांत गुंतागुंतीचे प्रमाण सारखेच, ५२ आणि ५१ टक्के होते. प्रार्थना होत असल्याचे ज्यांना निश्चित सांगितले होते त्यांच्यात ते ५९ टक्के निघाले. कारण कोणीही खात्रीने सांगू शकलेले नाही. मला आपले वाटते की अतिदक्षता विभागात पडलेल्या माणसाला ‘सगळे तुमच्यासाठी देव पाण्यात घालून बसले आहेत’ असे सांगितले, तर तो धीर धरण्याऐवजी घाबरणेच साहजिक आहे.

ड्युटीवर असताना रुग्णाला रेकी द्यावी का?

देऊ नये. ड्युटीचा वेळ सर्व रुग्णांचा असतो, आणि डोळे मिटून एकाच्या उशाशी उभ्या असलेल्या सिस्टरला पलीकडच्या खाटेवरचा रक्तदाब घसरलेला दिसत नाही. डायलिसिसमध्ये तो बोलता बोलता घसरतो. संसर्गाचाही प्रश्न आहे : हिपॅटायटिस बी आणि सी यांचा धोका असलेल्या विभागात एका रुग्णावरून दुसऱ्यावर स्फटिक फिरवणे हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. ऑक्सिजन सुरू असलेल्या खोलीत दिवा किंवा उदबत्ती लावणे तर सरळ आगीला आमंत्रण आहे.

रुग्णाने किंवा नातेवाइकांनी स्वतःहून मागणी केली तर?

ड्युटीबाहेर, रुग्णालयाबाहेर, विभागप्रमुखांना आधी कल्पना देऊन आणि रुग्णाची स्वतःची संमती घेऊन. नातेवाइकांची संमती पुरेशी नाही; जो खाटेवर आहे त्याने ‘हो’ म्हटले पाहिजे. सोलापूरकरांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. आपल्या गड्ड्याच्या यात्रेत ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी होणाऱ्या प्रतीकात्मक विवाहातसुद्धा संमती कट्ट्यावर आधी संमतीचे वाचन होते आणि मगच अक्षता पडतात.

संमती घेताना मी चार वाक्ये सांगते आणि ती बदलत नाही : ‘ही माझी साधना आहे, उपचार नव्हे. यामुळे तुमचा आजार कमी होणार नाही. तुम्हाला शांत वाटेल किंवा काहीच वाटणार नाही. तुमच्या गोळ्या आणि डायलिसिस आहे तसेच सुरू राहील.’ शहराच्या पूर्व भागातून येणाऱ्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या आजींना ही वाक्ये मी त्यांच्या मुलीकडून किंवा सुनेकडून तेलुगूत सांगवून घेते आणि त्यांना काय समजले ते पुन्हा विचारते. हे एकदा न केल्याचा परिणाम मी पाहिला आहे. माझ्या तोंडून ‘शक्ती मिळते’ असा शब्द गेला, आणि आजींनी घरी जाऊन सांगितले की अक्काने आज बिनसुईचे सलाईन दिले. आपल्याकडे ‘शक्तीचे सलाईन’ ही कल्पना इतकी रुजलेली आहे की ‘शक्ती’ हा शब्द उच्चारला की औषध दिल्यासारखेच होते. तेव्हापासून मी तो टाळते.

अंगारा, गंडा, तीर्थ घेऊन येणाऱ्या रुग्णांशी कसे वागावे?

आदराने, आणि शरीराची माहिती देऊन. अक्कलकोट, तुळजापूर आणि पंढरपूर ही तिन्ही स्थाने आमच्या जिल्ह्यातली किंवा हाकेच्या अंतरावरची आहेत, त्यामुळे विभागात येणाऱ्या रुग्णांपैकी पुष्कळांच्या खिशात एखादी पुडी असतेच. ‘हे सगळे फेकून द्या’ असे म्हणणारी सिस्टर दुसऱ्या दिवसापासून रुग्णाच्या लेखी परकी होते, आणि मग तो गोळी चुकल्याचेही तिला सांगत नाही.

म्हणून अडवण्यापेक्षा जागा बदलून द्यावी. गंडा किंवा दोरा फिस्टुलाच्या हातात बांधू नये. घट्ट झाला तर रक्तप्रवाह दबून फिस्टुला बंद पडू शकतो. तो दुसऱ्या हातात किंवा गळ्यात बांधावा. हाच नियम घट्ट बांगड्या आणि घड्याळ यांनाही लागू आहे, त्यामुळे श्रद्धेला वेगळे पाडल्यासारखेही होत नाही. अंगारा कपाळावर लावावा, सुईच्या जागेवर किंवा जखमेवर नव्हे. तीर्थ पळीभर चालेल, परंतु दिवसाच्या मोजून दिलेल्या पाण्यात ते धरावे. देवळात फोडलेल्या नारळाचे पाणी मात्र घेऊ नये, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते आणि मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाचे हृदय वाढलेल्या पोटॅशियमने थांबू शकते. एकादशीचा फराळ हा आमच्या विभागाचा खरा धसका आहे : रताळी, बटाटा, केळी आणि शेंगदाण्याचा कूट, सगळे एकाच ताटात. आषाढीपूर्वीच्या आठवड्यात आम्ही प्रत्येक माळकरी रुग्णाशी याविषयी स्वतंत्र बोलतो. एका आजोबांनी स्वतःच तोडगा काढला. ते म्हणाले, ‘सिस्टर, मी जिभेचा उपवास करतो, पोटाचा नाही,’ आणि त्या दिवशी त्यांनी दुपारपर्यंत मौन पाळले.

रेकीमुळे नुकसान होऊ शकते का? हात ठेवल्याने काय बिघडणार?

हात ठेवल्याने बिघडत नाही. बरे वाटल्याने बिघडते. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले.

काही वर्षांपूर्वी मंगळवार-गुरुवार-शनिवार डायलिसिस घेणाऱ्या एका रुग्णाच्या मुलाने आग्रह केला, म्हणून गड्ड्याच्या दिवसांत एका सोमवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. त्या वेळी संमतीची चार वाक्ये अस्तित्वात नव्हती. मी अर्धा तास रेकी दिली. कित्येक आठवड्यांनी ते गृहस्थ गाढ झोपले. सकाळी उठल्यावर त्यांना इतके हलके वाटले की ‘आज अंगात पाणी नाहीच, एक वार चुकला तर काय होते’ असे म्हणून ते मंगळवारी आले नाहीत. माझी त्या दिवशी सुट्टी होती. शनिवारनंतर थेट बुधवारी मध्यरात्री त्यांना धाप लागलेल्या अवस्थेत आणले, तेव्हा वजन पाच किलोंनी वाढलेले होते आणि त्यांना आडवे होता येत नव्हते. उशी पाठीशी घेऊन बसल्या बसल्याच मशीन लावले. पहाटे त्यांच्या ओठांवरचा निळेपणा गेला आणि त्यांनी मला ओळखून हात जोडले, त्याची मला आजही लाज वाटते.

त्यांची फुप्फुसे पाण्याने भरत होती आणि त्यांना शांत वाटत होते; या दोन गोष्टी एकाच शरीरात सुखाने नांदू शकतात. आता रेकीनंतर मी पुढच्या डायलिसिसचा वार रुग्णाकडून वदवून घेते आणि त्या दिवशी हजेरी तपासते.

कोणत्या त्रासात मुळीच हात लावू नये?

छातीत दुखणे, धाप, अर्धांगाची लक्षणे, झटके, सर्पदंश, विंचूदंश, कुत्र्याचा चावा, गर्भवतीचा रक्तस्राव आणि आत्महत्येची भाषा यांत पहिला आणि एकमेव हात फोनला लावावा, क्रमांक १०८. नागीण ‘उतरवण्याची’ आपल्याकडे प्रथा आहे. परंतु नागीण हा विषाणूचा आजार असून त्यावरील गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर सर्वांत उपयोगी पडतात, आणि हे तास फुंकर मारण्यात संपतात. काविळीत चुन्याच्या पाण्याने हात धुऊन पिवळे पाणी दाखवतात, त्यात पिवळेपणा रुग्णाच्या शरीरातून नव्हे, तर आधीच लावलेल्या झाडाच्या सालीतून येतो. भास होणाऱ्या किंवा तीव्र मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला दीर्घ ध्यानाला बसवू नये; आजार उफाळू शकतो.

कायदा काय सांगतो?

दोन कायदे प्रत्येकाने वाचावेत. औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये मंत्र, कवच, ताईत यांसारख्या अद्भुत उपायांनी रोग बरे करण्याची जाहिरात करता येत नाही, आणि त्याच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग यांसारखे अनेक आजार नावानिशी दिलेले आहेत. व्हॉट्सॲपवर फिरवलेले पत्रकही जाहिरातच असते, हे आपल्या सहकाऱ्यांच्या गावी नसते. दुसरा, महाराष्ट्राचा २०१३ सालचा जादूटोणाविरोधी कायदा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली, त्यानंतर आधी अध्यादेश आणि वर्षअखेरीस कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. वारी, कीर्तन, पूजा यांना या कायद्याने हात लावलेला नाही, हे नातेवाइकांना सांगितले की पुष्कळ गैरसमज दूर होतात.

रेकीला आयुष पद्धतींमध्ये स्थान नाही, म्हणून नावापुढे ‘रेकी ग्रँडमास्टर’ आणि ‘स्टाफ नर्स’ ही दोन्ही बिरुदे एकाच पाटीवर लावू नयेत. शासकीय सेवेत असलेल्यांना १९७९च्या वर्तणूक नियमांनुसार परवानगीशिवाय खासगी व्यवसाय करता येत नाही. ‘हा व्यवसाय नाही, सेवा आहे’ हा युक्तिवाद पावती फाडली की टिकत नाही.

मानधन घ्यावे का?

आपल्या विभागातील रुग्णाकडून एक रुपयाही घेऊ नये, आणि नारळ-साडीही नको. इतरांकडून घ्यायचे असेल तर उघडपणे घ्यावे. रुग्णाला एखाद्या हीलरकडे पाठवून त्याबद्दल टक्केवारी घेणे हा प्रकार कोणी सुचवला, तर त्याला दाराबाहेरूनच परत पाठवावे.

डॉक्टर आणि सहकारी चेष्टा करतात, त्यांना काय सांगावे?

काही सांगू नये. हँडओव्हर वेळेवर द्यावा, नोंदी पूर्ण ठेवाव्यात. माझी सर्वांत जास्त थट्टा करणाऱ्या टेक्निशियनने आईच्या शेवटच्या आठवड्यात मला स्वतःहून बोलावले होते.

जिथे उपचार थांबले आहेत, तिथे या साधनेला अधिक जागा आहे का?

आहे, आणि ती वैद्यकानेच दिलेली आहे. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातील रुग्णांचे शुश्रूषागृह, सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, पुढे डॉक्टर झाल्या. वेदना केवळ शरीराची नसते, ती मनाची, नातेसंबंधांची आणि आध्यात्मिकही असते, ही ‘संपूर्ण वेदने’ची कल्पना त्यांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या परिहारक शुश्रूषेच्या (पॅलिएटिव्ह केअर) व्याख्येतही आध्यात्मिक बाजूचा उल्लेख आहे. परंतु ती बाजू रुग्णाची असते, आपली नव्हे. वळसंगकडच्या एका विडी कामगार मावशींनी डायलिसिस थांबवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा मी विचारले, ‘हात ठेवू का?’ त्या म्हणाल्या, ‘हात नको, पाय चेप.’ चाळीस वर्षे मांडी घालून सुपातल्या पानांवर वाकलेल्या बाईचे पाय होते ते. बोटांना तंबाखूचा वास तेव्हाही होता. मी पाय चेपले. त्यात रेकीची चिन्हे नव्हती, मंत्र नव्हता.

प्रशिक्षण कोणाकडून घ्यावे?

शिकवणाऱ्याला पहिल्याच दिवशी विचारावे की रेकीची दुसरी पायरी झाल्यावर इन्सुलिन कमी करता येईल का. ‘तो प्रश्न तुमच्या डॉक्टरांचा आहे’ असे उत्तर आले तर बसावे. अन्य कोणतेही उत्तर आले तर चपला घालाव्यात.

तुम्ही अजूनही रेकी देता का?

हो. दररोज पहाटे स्वतःला, रविवारी आईच्या गुडघ्यांना. आईच्या गुडघ्यांची औषधे ऑर्थोपेडिक डॉक्टरांची आहेत आणि ती मीच तिला डब्यात वारांप्रमाणे लावून देते.